न्यूयॉर्कमध्ये जिउ-जित्सूचा आखाडा शोधताना

मॅनहॅटनमधल्या पेन स्टेशनातून बाहेर पडून थोडं दक्षिणेला चाललं की वेस्ट ३० वा रस्ता लागतो. सातव्या आणि आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मधल्या तुकड्यात, एका इमारतीच्या तळघरात, रेंझो ग्रेसी यांची अकादमी आहे. ज्या घराण्यानं ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवलं, त्याच्या तिसऱ्या पिढीतले हे रेंझो. १९९० च्या दशकात ते रिओहून न्यूयॉर्कला आले आणि इथलेच झाले. याच तळघरात जॉन डॅनाहर यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. गॉर्डन रायन आणि गॅरी टोनन हे त्यांचे शिष्य इथूनच जगभर गाजले. मिश्र मार्शल आर्ट्समधला कॅनडाचा विजेता जॉर्ज सेंट-पियर इथे सरावाला यायचा. शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन साठीच्या उंबरठ्यावर इथेच जिउ-जित्सू शिकला.

इतकी नावं एका पत्त्याला चिकटलेली असली की नवशिक्याला वाटतं, प्रश्न मिटला, उद्यापासून इथेच. मिटत नाही. न्यूयॉर्कमध्ये जिउ-जित्सू शिकवणाऱ्या जागा ढिगानं आहेत. मॅनहॅटनमध्ये तर ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरात दोन-तीन सहज सापडतात. प्रत्येकीच्या भिंतीवर कुणा ना कुणा मोठ्या माणसाचा फोटो असतो. पण त्या फोटोतला माणूस संध्याकाळी सात वाजता तुमच्या छातीवर बसणार नसतो. तिथे बसणार असतो एखादा हिशेबनीस, एखादी नर्स, एखादा वीस वर्षांचा विद्यार्थी. तुमचा खांदा शाबूत राहणार की नाही, हे या माणसांच्या हातात असतं. म्हणून माझ्या मते अकादमी निवडणं म्हणजे मुख्यतः जोडीदार निवडणं. बाकीच्या गोष्टी त्यानंतरच्या.

असं का, ते कळायला हा खेळ चालतो कसा ते पाहावं लागेल. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही शाळा स्थापन केली आणि जुन्या जपानी जुजुत्सूतून ज्युडो घडवला. कोदोकानचाच एक मल्ल, मित्सुयो माएदा, देशोदेशी कुस्त्या करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला आणि पुढे अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात स्थिरावला. कार्लोस ग्रेसी हा तिथला तरुण त्याच्याकडे शिकला. कार्लोस आणि त्याचा धाकटा भाऊ एलिओ यांनी पुढे रिओमध्ये या विद्येचा सगळा भर जमिनीवरच्या लढतीवर आणला. एलिओ अंगानं किरकोळ होता, त्यामुळे ताकदीपेक्षा तरफेवर आणि वेळेवर विसंबणारे डाव मागे उरले, अशी घराण्याची कथा आहे. घराण्याच्या कथा जितक्या खऱ्या असतात तितकीच तीही खरी असावी. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेनव्हरमध्ये मिश्र मार्शल आर्ट्सची पहिली यूएफसी स्पर्धा झाली. तिच्यात एलिओचा सडपातळ मुलगा रॉइस यानं एकाच रात्री तीन प्रतिस्पर्धी शरण आणले, आणि अमेरिकेत जिउ-जित्सूच्या वर्गांना गर्दी होऊ लागली.

मराठी वाचकाला यातला एक फरक चटकन कळेल. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास, मल्ल चीतपट. जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. पायांच्या विळख्यात वरच्याला अडकवून तो तिथूनच गळा आवळतो किंवा कोपर उलटं वळवतो. या स्थितीला गार्ड म्हणतात. लहानपणी तालमीत घाम गाळलेला माणूस इथे आला, तर समोरच्याला खाली आणण्यात तो सहज सरस ठरतो. पण चीत होऊ नये म्हणून सवयीनं पोटावर वळतो आणि फसतो, कारण इथे समोरच्याला पाठ देण्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. स्पर्धेत पाठीवर ताबा मिळवणाऱ्याला एका डावाचे सर्वाधिक म्हणजे ४ गुण मिळतात, आणि तिथून गळ्याचा रस्ता जवळचा असतो.

लढत संपते ती टॅपनं. सांधा अडकला, गळा आवळला गेला की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थापटायचं, समोरच्यानं तत्क्षणी सोडायचं. एवढ्या एका करारावर सगळी विद्या उभी आहे. ठोसे-लाथा नसल्यामुळे रोजच्या सरावातही जवळजवळ पूर्ण जोर लावता येतो. कराटेच्या पुष्कळ वर्गांमध्ये हवेत मारलेल्या ठोशाची परीक्षा कधी होतच नाही. इथे ती दर संध्याकाळी होते. पण परीक्षा घेणारा माणूस थापटल्यावर अर्धा सेकंद उशिरा सोडणारा असेल, तर त्या अर्ध्या सेकंदाची किंमत तीन महिने हात गळ्यात बांधून मोजावी लागते.

आता पाटीवरचं नाव आणि कमरेचा पट्टा. जिउ-जित्सू शिकवायला न्यूयॉर्कमध्ये सरकारी परवाना लागत नाही. जागा भाड्यानं घेतली, मॅट अंथरले की अकादमी सुरू. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे ज्युडो किंवा कुस्तीसारखी एकच राष्ट्रीय संघटना वर बसलेली नाही. भरवसा ठेवायचा तो वंशावळीवर: तुमच्या गुरूला काळा पट्टा कुणी दिला, त्यांना कुणी दिला, असं मागे जात ही साखळी बहुतेक वेळा माएदापर्यंत पोचते. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला तरी कुणी रागावत नाही. चांगल्या प्रशिक्षकाला आपल्या गुरूबद्दल बोलायला आवडतं. उत्तर देताना कुणी आढेवेढे घेतले, तर चप्पल घालून निघावं.

मोठ्यांचे पट्टे पाच: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. आयबीजेजेएफ ही या खेळातली सर्वांत वजनदार संघटना. तिच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे निळा पट्टा सोळाव्या वर्षाच्या आत मिळत नाही, काळा एकोणिसाव्याच्या आत नाही. निळ्यावर किमान २ वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर १ वर्ष काढावं लागतं. प्रत्यक्षात नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्याला काळ्यापर्यंत जायला दहा वर्षं लागली तर त्यात नवल नाही. म्हणून कुणी दोन वर्षांत काळा पट्टा देण्याची हमी देत असेल किंवा दर पट्ट्याच्या परीक्षेला भरभक्कम शुल्क आकारत असेल, तर तो धंदा वेगळा आहे.

मात्र काळा पट्टा खरा आहे, पदकं आहेत, एवढ्यानं तो माणूस शिकवू शकतो असं ठरत नाही. उलट उदाहरण डॅनाहर यांचं. न्यूझीलंडमध्ये वाढलेला हा माणूस कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरेटसाठी न्यूयॉर्कला आला, रात्री क्लबांच्या दारावर राखणदारी करत होता, आणि जिउ-जित्सूत आला तो विशीच्या अखेरीस. स्पर्धेतलं नाव त्यांनी कधी कमावलं नाही, गुडघा तर अधूच होता. तरी या पिढीतला सर्वांत प्रभावी शिक्षक कोण, असं विचारलं तर पहिलं नाव त्यांचंच निघतं. याच्या उलट जगज्जेते असून वर्गात तीन डाव भराभर दाखवून कोपऱ्यात फोन पाहत बसणारेही असतात. पदकं मोजण्यापेक्षा त्यांचे पांढरे पट्टे सहा महिन्यांनी कसे हलतात ते पाहावं.

शिवाय मोठी नावं शहर सोडून जातात. डॅनाहर आणि त्यांचा संघ २०२० मध्ये न्यूयॉर्क सोडून पोर्तो रिकोला गेला. वर्षभरात तो संघ फुटला आणि तुकडे टेक्सासातल्या ऑस्टिनला पोचले. मार्सेलो गार्सिया हे एडीसीसी या जागतिक स्पर्धेचे आपल्या वजनात चार वेळचे विजेते. माझ्या लेखी या खेळातले ते सर्वांत देखणे खेळाडू. त्यांनी मॅनहॅटनमध्ये नामांकित अकादमी उभी केली, पुढे ते हवाईला गेले. त्यांच्यासाठी न्यूयॉर्कला घर केलेल्यांना ते पचवावं लागलं. तुम्ही नोकरीसाठी इथे आला असाल आणि पाच-सात वर्षं राहणार असाल, तर गुरूचं विमान कधी उडेल हे तुमच्या हातात नाही. आठवड्यातून तीनदा येणारी सात वाजताची मंडळी मात्र सहसा तिथेच असतात.

कुठल्या अकादमीत काय शिकवतील याचा अंदाज यायला रिओचा थोडा इतिहास कामाला येतो. एलिओंची जुनी अकादमी रिओच्या मध्यवस्तीत होती, आणि तिथे मुख्यतः एकेकट्याला शिकवण्या दिल्या जात. गिऱ्हाईक पैसेवालं, अभ्यासक्रम स्वसंरक्षणाचा: कुणी मनगट धरलं तर काय, मागून गळा धरला तर काय. कार्लोसचा मोठा मुलगा कार्लसन यानं कोपाकबानात वेगळाच मार्ग धरला. मोठे गट, दणकून सराव, स्पर्धेची तयारी. आणि शहराच्या उत्तरेकडच्या कष्टकरी वस्त्यांत ओस्वाल्दो फाद्दा शिकवत होते. त्यांची वंशावळ माएदाच्याच दुसऱ्या शिष्याकडून आलेली, ग्रेसींशी संबंध नसलेली. फाद्दा गरिबांना जवळजवळ फुकट शिकवत. १९५० च्या दशकात त्यांच्या शिष्यांनी ग्रेसी अकादमीला आव्हान देऊन हरवलं, तेही पायाचे डाव वापरून. रिओतल्या प्रतिष्ठितांनी पायाला हात घालणाऱ्यांना मोच्याचे धंदे करणारे म्हणून हिणवलं. गंमत अशी, की पुढे न्यूयॉर्कच्या त्या तळघरात डॅनाहर यांनी याच तुच्छ मानलेल्या पायाच्या डावांचं शास्त्र केलं आणि सगळ्या खेळाचा तोंडवळा बदलून टाकला.

या तिन्ही परंपरा आज न्यूयॉर्कमध्ये शेजारी शेजारी नांदतात. एखाद्या ठिकाणी पहिले सहा महिने तुम्ही मनगट सोडवणं, पडणं आणि उठणं एवढंच कराल. एखाद्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात पाच-पाच मिनिटांच्या लढतींत ढकललं जाईल. दोन्हीकडे माणसं शिकतात. मला स्वतःला मधला रस्ता पटतो, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत ठरावीक स्थितीतून सुरू होणारा मर्यादित सराव: तू वर, मी खाली, मी निसटलो की पुन्हा पहिल्यापासून. यात नवशिक्याला विचार करायला जागा मिळते आणि घाबरून हातपाय झाडण्याची वेळ येत नाही. हातपाय झाडणारा नवशिका हा मॅटवरचा सर्वांत धोकादायक प्राणी आहे, हे कुठलाही जांभळा पट्टा हसत हसत सांगेल.

न्यूयॉर्कमध्ये एक प्रश्न आवर्जून विचारायचा: इथे हील हूक कोण करू शकतं? या डावात पाऊल बगलेत दाबून, टाच हातानं पकडून पाय पिळतात आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. कोपर उलटं वळलं की दुखतं, म्हणून माणूस वेळेत थापटतो. गुडघ्याचे अस्थिबंध मात्र पुरेसं दुखायच्या आतच तुटू शकतात. आयबीजेजेएफनं २०२१ पासून जाड सुती पोशाख न घालता होणाऱ्या स्पर्धांत हा डाव खुला केला, पण तोही फक्त प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना. पायाच्या डावांची कीर्ती असलेल्या या शहरात व्हिडिओ पाहून आलेले उत्साही पांढरे पट्टे कमी नाहीत. ज्या अकादमीत या प्रश्नाला चटकन, ठाम, एकच उत्तर मिळतं, तिथे कुणीतरी विचार केलेला आहे असं समजावं. प्रशिक्षक एक सांगतो आणि विद्यार्थी दुसरंच, असं झालं तर गुडघे जपा.

गी म्हणजे जाड सुती कोट-पँट. तो घालून खेळायचं की चड्डी-टीशर्टवर, हा वाद वर्षभरानं घालावा. बहुतेक ठिकाणी दोन्ही वर्ग असतात. कोटाच्या कॉलरला धरून खेळ संथ होतो, त्यामुळे चाळिशीपुढच्यांना तो सहसा मानवतो, एवढं म्हणून पुढे जाऊ.

पहिला वर्ग बहुतेक अकादम्या फुकट देतात. तो घ्याच. पण त्याच्या आधी एक वर्ग नुसता बसून पाहा, तोही ज्या वेळेला तुम्ही रोज येणार त्याच वेळेचा. शनिवारी सकाळी चैतन्यानं भरलेली जागा मंगळवारी दुपारी बारा वाजता अगदी वेगळी असते. भिंतीशी बसायची परवानगी मागा. जी अकादमी पाहू देत नाही, तिच्याबद्दल मला आणखी काही जाणून घ्यायचं नसतं.

डाव दाखवणं चालू असताना फारसं काही कळणार नाही, सगळे प्रशिक्षक तेवढ्यापुरते चांगलेच दिसतात. खरं दर्शन घंटा वाजून सराव सुरू झाला की होतं. थापटल्यावर काय होतं ते पाहा. सोडून, हसून, दोघं लगेच पुन्हा सुरू करतात, की थापटणाऱ्याचा चेहरा पडतो? कुणी कुणाला थांबवून विचारतो का, हा हात कुठून आला रे? नव्वद किलोचा जांभळा पट्टा पन्नास किलोच्या मुलीशी कसा खेळतो? तिच्या मापानं ताकद कमी करून स्वतः खाली पडून खेळतो, की चिरडतो? तिच्याशी कुणी जोडीच लावत नाही का? जोड्या कोण लावतं हाही कळीचा मुद्दा. चांगला प्रशिक्षक नव्या माणसाला मुद्दाम एखाद्या शांत तपकिरी पट्ट्याच्या हवाली करतो. वाईट ठिकाणी दोन नवशिक्यांना एकमेकांवर सोडतात आणि देव तारी त्याला कोण मारी म्हणून बाजूला होतात.

मग पट्टे मोजा. एखाद्या दहा वर्षं जुन्या अकादमीत तीस पांढरे, आठ निळे आणि थेट एक काळा, अशी रांग दिसली तर विचारावं, मधले कुठे गेले? एक तर ते जखमी होऊन गेले, नाही तर कंटाळून, नाही तर भांडून. जांभळे आणि तपकिरी पट्टे म्हणजे त्या जागेनं सांभाळलेली माणसं. त्यांत पंचेचाळीस-पन्नाशीचे कुणी आहेत का, बायका आहेत का, हे पाहिलं की अकादमीचा स्वभाव कळतो. जाहिरातीतून हे कळत नाही. नवी अकादमी असेल तर हा हिशेब अर्थातच लागू नाही. तिथे प्रशिक्षक आधी कुठे शिकवत होता आणि तिथले जुने विद्यार्थी त्याच्यामागे आले का, ते विचारावं.

बोटांना चिकटपट्टी प्रत्येकाच्याच असते, तिचं भय नको. मोडलेले, फुगलेले कानही दिसतील. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला त्यांचं अप्रूप नाही. पण वर्गातल्या निम्म्यांच्या गुडघ्याला पट्टे आणि दोघे-तिघे कुबड्यांवर बसून वर्ग पाहताहेत, असं असेल तर तो योगायोग मानू नये.

मग नाक वापरा. जमिनीवर अंगाला अंग घासत खेळायचा हा खेळ, म्हणून गजकर्ण इथे सर्रास होतं आणि स्टॅफसारखे जिवाणूही पसरतात. त्यांतले काही नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. मॅट रोज पुसले जातात का, अनवाणी स्वच्छतागृहात जाऊन तसंच मॅटवर येणाऱ्याला कुणी हटकतं का, अंगावर चट्टा असलेल्याला घरी पाठवतात का? तळघरातल्या जागा न्यूयॉर्कमध्ये पुष्कळ, हवा खेळत नाही, उन्हाळ्यात भिंतींना घाम फुटतो. घामाचा वास येणारच, तो चालतो. कुबट, ओल्या कपड्यांचा वास आला तर समजावं की फडकं आठवड्यातून एकदाच फिरतं.

स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी तपासणी याहून कडक हवी. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी यांच्यातल्या सत्तेचा गैरवापर या खेळात अनेकदा उघडकीला आला आहे, काही प्रकरणं न्यायालयांपर्यंत गेली आहेत. वंशावळ आणि गुरुभक्ती यांचं स्तोम जिथे जास्त, तिथे अशा गोष्टी दडपल्याही जास्त जातात. म्हणून तिथल्या जुन्या विद्यार्थिनींशी प्रशिक्षकाच्या अपरोक्ष बोलावं. केवळ स्त्रियांसाठीचा वर्ग असणं चांगलं, पण संमिश्र वर्गात वरच्या पट्ट्याच्या स्त्रिया टिकून असणं त्याहून बोलकं. मुलांच्या वर्गात पालकांना बसू देतात का, आणि मुलांना हाताळणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासलेली आहे का, हे दोन प्रश्न विचारताना अवघडू नये.

अंतर हा मुद्दा लोक शेवटी विचारात घेतात, तो आधी घ्यायला हवा. न्यूयॉर्क परिसरातली मराठी वस्ती मोठ्या संख्येनं नदीपलीकडे, न्यू जर्सीत आहे. जर्नल स्क्वेअरला राहणाऱ्याला पाथ रेल्वेची गाडी थेट मॅनहॅटनच्या ३३ व्या रस्त्यावर सोडते. तिथून ते प्रसिद्ध तळघर पायी दहा-पंधरा मिनिटांवर. त्याला रोज जमेल. एडिसनला राहणाऱ्याची गाडी तर पेन स्टेशनातच येते, म्हणजे ऑफिस मॅनहॅटनमध्ये असेल तर वाटेवरच पडतं. पण आठ-साडेआठला वर्ग संपवून, ओला गी पिशवीत कोंबून, पाऊण-एक तासाची गाडी धरायची आणि घरी दहाला जेवायचं. हे नोव्हेंबरात जमतं, फेब्रुवारीच्या बर्फात नाही. ज्याचं ऑफिस घरूनच चालतं, त्यानं एडिसनच्याच आसपासची साधी, बिननावाची अकादमी पाहावी. जगप्रसिद्ध ठिकाणी महिन्यातून चारदा जाणाऱ्यापेक्षा घराजवळच्या ठिकाणी बारादा जाणारा वर्षभरात कितीतरी पुढे जातो.

बोर्डेनचं उदाहरण लोक चुकीच्या कारणासाठी देतात. इतक्या मोठ्या नावाच्या अकादमीत शिकला म्हणून तो शिकला, असं नव्हे. तो जवळजवळ रोज जायचा, चित्रीकरणासाठी परदेशी गेला तर तिथली अकादमी शोधून खेळायचा, आणि आपण वर्गातले सर्वांत म्हातारे आणि बहुधा सर्वांत वाईट आहोत हे त्याला मनापासून मान्य होतं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आयबीजेजेएफच्या खुल्या स्पर्धेत पन्नाशीपुढच्या निळ्या पट्ट्यांच्या गटात त्यानं सुवर्णपदक जिंकलं. साठ पूर्ण व्हायला थोडाच काळ राहिला होता.

पैशाचं थोडक्यात. मॅनहॅटनमध्ये महिन्याला दोनशे डॉलरच्या आसपास आणि त्याहूनही वर शुल्क सर्रास आहे. गी वेगळा, आणि काही साखळ्यांत तो त्यांच्याच छापाचा घ्यावा लागतो. वर्षाचा करार केला तर सवलत देतात. तीन महिने गेल्याशिवाय वर्षाचा करार करू नये, कारण नवशिके सोडून जातात ते बहुतेक याच काळात. न्यूयॉर्क राज्यात व्यायामशाळांच्या करारांसाठी वेगळा कायदा आहे, आणि मार्शल आर्ट्स शिकवणाऱ्या शाळाही त्यात मोडतात. करार हाती आल्यापासून तीन दिवसांत तो रद्द करता येतो, आणि तुम्ही २५ मैलांहून दूर राहायला गेलात तर उरलेल्या काळातून सुटका मिळते. नदीपलीकडे सही केलीत तर मात्र नियम न्यू जर्सीचे.

आणि चुकलंच तर? अकादमी बदलता येते. एके काळी हे सोपं नव्हतं. कार्लसन ग्रेसी आपला संघ सोडून जाणाऱ्यांना क्रेओंते म्हणायचे. ब्राझीलमध्ये गाजलेल्या एका दूरदर्शन मालिकेतल्या दगाबाज पात्राचं ते नाव. तो शिक्का कपाळावर बसला की जुने मित्र मॅटवर हात मिळवत नसत. काही जुन्या वळणाच्या प्रशिक्षकांच्या मनात ते अजून आहे. दुसऱ्या अकादमीत पाय ठेवायचा नाही असा लेखी नियमच करणारेही आहेत. महिन्याला दोनशे डॉलर मोजणाऱ्या माणसाकडून एवढ्या निष्ठेची अपेक्षा मला तरी हास्यास्पद वाटते, पण निरोप न घेता गायब होणंही बरं नव्हे. प्रशिक्षकाला समक्ष सांगावं, कारण सांगावं, हात मिळवावा.

बदलायच्या आधी इतर ठिकाणची चव घ्यायला शनिवार-रविवारचे ओपन मॅट सोयीचे पडतात. शिकवणी नसते, नुसता सराव असतो, आणि पुष्कळ अकादम्या बाहेरच्यांना येऊ देतात, कुठे फुकट, कुठे थोडं पाहुणा-शुल्क घेऊन. आधी संदेश पाठवून विचारा. नखं कापा. पट्टा असेल तोच बांधा. खालचा बांधून मोठेपणा मिळवणारे लगेच ओळखू येतात. गी पांढराच न्या, कारण काही ठिकाणी रंगीत चालत नाही. पाठीवर दुसऱ्या अकादमीचं भलं मोठं नाव शिवलेला गी मात्र घरीच ठेवा, नाहीतर त्या दुपारी तिथले सगळे तपकिरी पट्टे आळीपाळीनं तुमच्याशीच खेळायला येतील.